डॉक्टरांचे निळे मासे

माधवराव पाथरीकरांना परभणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली ती एक्कावन्न सालच्या जूनमध्ये. राहायला मात्र घर मिळेना. शेवटी झरीच्या आबासाहेबांनी आपलं स्टेशनकडचं बैठं दगडी घर देऊ केलं, तेही निम्म्या भाड्यात. त्या घराला अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपासून, निजामाचं राज्य गेलं तेव्हापासून, कुलूप होतं. आधी तिथं सरकारी दवाखान्यातले वाजिद डॉक्टर राहायचे. एका सकाळी ते बायकोला घेऊन गाडीत बसले आणि गेले. कुणी म्हणे हैदराबादला, कुणी म्हणे कराचीला. त्यानंतर घर घ्यायला कुणी तयार होईना. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, बंद घराच्या परसातून बाईच्या बोलण्याचा आवाज येतो, असं आळीतली लहानथोर सगळी माणसं सांगायची.

माधवरावांनी ही गोष्ट हसत हसत बायकोला सांगितली. सुनेत्रा हसली नाही आणि घाबरलीही नाही. आदल्याच वर्षी पाथरीला तिची पहिली मुलगी बारशाच्याही आधी गेली होती. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून थोरल्या दिरांनी तिला ओढ्याच्या काठाला पुरलं, आणि भाद्रपदात ओढ्याला पूर आला तो काठच घेऊन गेला. तेव्हापासून सासरच्या माणसांच्या नजरेआड होता येईल असं कुठलंही घर सुनेत्राला चाललं असतं.

पुढच्या दाराचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं, ते फोडावं लागलं. मागचं दार मात्र ढकलताच अलगद उघडलं, जरासुद्धा कुरकुरलं नाही. परसात बदामाचं झाड, त्याच्या सावलीत शहाबादी फरशीचा ऐसपैस हौद, आणि त्या हौदात काठोकाठ पाणी. 

"तीन उन्हाळे गेले, आणि पाणी आटलं नाही?" माधवराव नवलानं म्हणाले. त्यांनी काठीनं वरचं शेवाळ बाजूला सारलं आणि ते तसेच वाकलेले राहिले. "अगं, इकडे ये. लवकर ये."

खाली मासे होते. हाताच्या पंज्याएवढे, जाड अंगाचे, कपाळ पुढे आलेले. पाण्यात ऊन शिरलं तसा त्यांच्या खवल्याखवल्यावर निळा-हिरवा ठिपका पेटला. मोराच्या मानेवर असतो तो रंग. गालावर निळ्या रेघा, पाठीवरच्या पंखाला नारिंगी काठ. नदीतला मरळ नाही, कटला नाही, बाजारात दिसतो असला कुठलाच मासा नाही. सुनेत्रानं पदर नाकाला लावला. "आता बामणाच्या घरात मासे पाळायचे का?" ती म्हणाली. पण माधवरावांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी भागूबाई आपणहून दारात आली. पन्नाशीची, वाळक्या अंगाची, कपाळावर गोंदण. "धुणंभांडी मी करीन, बाई. ह्या घराची मला सवय हाय," ती म्हणाली. डॉक्टरांच्या वेळी तीच कामाला होती. सकाळी यायची, काम उरकायची, आणि जाताना हौदाकडे एकवार बघून जायची.

बैठकीच्या खोलीत लोखंडी कोनांची एक मोठी काचपेटी धूळ खात पडली होती. तिचा तळ काळ्या पातळ दगडाचा होता, आणि त्याखाली रॉकेलची चिमणी ठेवायला जागा. "हिवाळ्यात पाणी गरम ठेवायला," भागूबाई म्हणाली. "डाक्टरसायबांनी मंबईहून दुधाच्या क्यानात घालून आणले हे मासे. आगगाडीत रातभर क्यान हलवत बसले होते म्हणं, आत हवा जावी म्हणून." माधवरावांनी पेटीच्या फटी लुकणानं भरल्या, आडाचं पाणी मुरवलं, आणि हौदातली एक जोडी आत सोडली. दिवाळीत ते मुंबईला गेले तेव्हा क्रॉफर्ड मार्केटातल्या एका मासेवाल्याकडे जाऊन वर्णन सांगून आले. परत आले ते पेढे वाटावेत अशा थाटात. "ब्लू अकारा! सिक्लिड कुळातला. दक्षिण अमेरिकेतला, सुनेत्रा! समुद्रापलीकडच्या नद्यांमधला मासा, आणि आपल्या परसात!"

सुनेत्राला नावाचं काही नव्हतं. तिला वेगळीच गोष्ट खटकत होती. 

रोज दुपारी, माधवराव शाळेत आणि भागूबाई आपल्या घरी गेलेली असताना, हौदातले सगळे मासे एका ठिकाणी गोळा व्हायचे. हौदाला बदामाच्या बाजूनं एक बसकी पायरी होती, तिच्यापाशी. तोंडं वर, एकमेकांना चिकटून, वाट बघत. सुनेत्रानं दुसऱ्या काठावरून भाताची शितं टाकून पाहिली. ते वळलेसुद्धा नाहीत. पायरीवर कुणी बसलेलं असावं आणि ते त्याच्याकडे बघत असावेत, तसे ते थांबून राहिले. थोड्या वेळानं एकेक करून खाली गेले. त्या दिवसापासून दुपारी परसात जायचं झालं की सुनेत्रा पायरीला वळसा घालून जाऊ लागली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एकदा तिनं विचारलं. "भागूबाई, मासे त्या पायरीपाशी का जमतात हो?"

भागूबाईचा भांड्यावरचा हात थांबला. "मुकी जित्राबं. त्यांला काय कळतंय," ती म्हणाली, आणि राख घेऊन जोरजोरात तवा घासू लागली.

संक्रांतीच्या सुमाराला काचपेटीतली जोडी अंड्यांवर आली. आठवडाभर दोघांनी मिळून शहाबादी फरशीचा एक तुकडा तोंडानं घासून घासून लख्ख केला होता. मग मादीनं त्यावर ओळीनं अंडी चिकटवली, खसखशीएवढी. नर पाठोपाठ फिरत होता. नंतर एकजण अंड्यांवर पंखानं वारा घाली आणि दुसरा राखण करी. दमले की जागा बदलत. सुनेत्रा पोळ्या लाटता लाटता उठून बघायला येऊ लागली. तिनं असलं काही कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी माधवराव शाळेतून दोन मास्तरांना घेऊन आले. हे वाकून बघतायत, काचेवर बोट ठेवतायत, बॅटरी मारतायत. पाहुणे चहा पिऊन गेले, आणि सुनेत्रा पेटीपाशी आली तर फरशी कोरी होती. 

"अहो, अंडी कुठं गेली?"

"खाल्ली असतील." माधवराव चुकल्यासारखे झाले. "चूक माझीच. घाबरले की खातात. आता आपल्याच्यानं राखवणार नाहीत, असं वाटलं की दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाण्यापेक्षा..."

"आईनं खाल्ली?"

"दोघांनी."

त्या दिवशी सुनेत्रा जेवली नाही. मात्र पुढच्या खेपेला तिनं पेटीभोवती आपलं जुनं लुगडं गुंडाळलं आणि घरात कुणाला फिरकू दिलं नाही. लुगड्याच्या एका विरलेल्या जागेतून ती एकटीच बघे. अंडी फुटली. आईबापांनी वाळूत तोंडानं खड्डे केले आणि वळवळणारे जीव एकेक तोंडात धरून त्या खड्ड्यांत नेऊन ठेवले. आज या खड्ड्यात, उद्या त्या. मग एके सकाळी पिल्लांचा धुरळा पाण्यात वर उठला. सुनेत्राची सावली पडली की मादी पाठीवरचा पंख एकदाच झटके, आणि सगळी पिल्लं दगडासारखी तळाशी जाऊन गप्प पडत. आईनं पुन्हा खूण करेपर्यंत एकही हलत नसे. 

पिल्लांना अंड्याचा पिवळा बलक लागतो असं माधवरावांनी वाचलं होतं. आता कोंबडीचं अंडं या घरात कसं आणायचं? भागूबाईच आपल्या चुलीवर उकडून फडक्यात बांधून आणू लागली. बलक पाण्यात कालवताना तिचा हात इतका सराईत चाले की सुनेत्रानं विचारलं, "हे तुम्हाला बेगमसाहेबांनी शिकवलं का?"

"त्यांच्या पोरीनं," भागूबाई म्हणून गेली, आणि फडकं झटकून घराकडे चालू लागली. 

डॉक्टरांना मुलगी होती हे सुनेत्राला कुणी सांगितलं नव्हतं. आळीत विचारलं तर शेजारच्या नर्मदाबाई म्हणाल्या, "होती बाई एक, गोड पोर. नेली असेल की संगं." 

फाल्गुनात एकदा सुनेत्रा हळदीकुंकवाला म्हणून गेली होती, ती डोकं दुखायला लागलं म्हणून भर दुपारी परतली. दार लोटून आत आली आणि तिच्या कानावर बाईचा आवाज पडला. परसातून. हळू, लाडीगोडीचा. त्याबरोबर दगडावर वाटी आपटल्याचा आवाज, टक् टक् टक्.  आळी सांगत होती तोच हा आवाज, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भिंतीचा आधार घेत ती मागच्या दारापर्यंत गेली.

पायरीवर भागूबाई बसली होती. हातात ॲल्युमिनियमची वाटी. मासे तिच्या पायांपाशी गोळा झालेले. पण भागूबाई माशांकडे बघत नव्हती. तोंड बदामाच्या बुंध्याकडे करून ती बोलत होती. "आज भाकर न्हाई, भात हाय. तुझ्या हातानं टाक बरं. हां... असं. लय गुणाची हाय माझी बाय."

सुनेत्राची सावली पडली तशी ती दचकून उठली. वाटी पाण्यात पडली आणि मासे उधळले. 

"भागूबाई, तुम्ही इथं कशा?"

"परसाच्या भिंतीतल्या दारानं," ती म्हणाली. पदराच्या गाठीतून तिनं एक किल्ली काढून दाखवली. "बेगमसाबनं दिली होती. तुमी घरात नसला की येते. चोरी करायला न्हाई येत, बाई. लेकराची आन."

तिनं तीन वर्षं घागरीनं पाणी आणून हौद भरला होता, बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, रोज दुपारी येऊन बसली होती. सुनेत्राला एवढंच कळलं, आणि तिला वाटलं, एकटी बाई, माशांचा लळा लागला असेल. बदामाकडे बघून बोलण्याचा अर्थ तिनं विचारला नाही. विचारावासा वाटला होता. पण उत्तर काय येईल याची तिला आतून भीती वाटली.

पावसाळा सरेपर्यंत काचपेटीतल्या पिल्लांचे मासे झाले, हौदात दाटी झाली, मोठे नर एकमेकांचे पंख फाडू लागले. माधवरावांनी ठरवलं, बदामाखाली दुसरा हौद करायचा. आबासाहेबांचा निरोप आला, "हौद काय, विहीर खणा." एका रविवारी मुंजाजी नावाचा गडी कुदळ-फावडं घेऊन आला. माधवरावांनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर चौकोन आखला आणि मुंजाजीनं हातावर थुंकून कुदळ उचलली.

भागूबाई भांडी टाकून धावत आली आणि खरकट्या हातांनी त्या चौकोनात बसली. 

"उठ ग म्हातारे, लागंल," मुंजाजी म्हणाला. 

"आधी मला खण," भागूबाई म्हणाली. "मग भुई खण."

माधवरावांनी समजावलं, रागावले, शेवटी हात धरून उठवायला गेले. तिनं बुंध्याला मिठी मारली. मुंजाजीनं कुदळ खाली ठेवली. "मास्तर, हितं काय तरी हाय. धन असंल, न्हाई तर दुसरं काय तरी. मला न्हाई पायजे तुमची मजुरी," असं म्हणून तो निघूनच गेला. माधवराव वैतागून चपला घालून बाहेर पडले. परसात दोघी बायका राहिल्या. 

सुनेत्रा तिच्याशेजारी मातीत बसली. "कोण आहे इथं?" तिनं विचारलं. काय आहे, असं नाही विचारलं.

"नूरी," भागूबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, मातीवर बोट फिरवत. पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत गावात धाक होता. कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. डॉक्टर दारं लावून घरात बसले होते. पाच-सहा वर्षांची नूरी तापानं फणफणली. बाप डॉक्टर, पण औषध दवाखान्यात, दवाखान्याला कुलूप, आणि रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही. "पोरगी बरळायची. माशांला खायला दिलं का, माशांला खायला दिलं का. मी म्हणायचे, दिलं ग माय. बाप नाडी धरून बसलेला. हकनाक गेली, बाई. कबरस्तान गावाच्या पल्याड. नेणार कोण? बेगमसाबनं आपल्या शालूत गुंडाळली. डाक्टरसायबांनी सोता खड्डा खणला हितं, त्यांच्या हाताला फोड आले. रडायचंबी तोंड दाबून, आवाज भाईर जाऊ नये म्हणून. आन् जाताना बेगमसाबनं मला किल्ली दिली. म्हणली, भागू, उसकू अकेली मत छोड."

बदामाचं पान गळून दोघींच्या मधे पडलं. सुनेत्रा फक्कीच्या रेघेकडे बघत होती. तिच्या लेकीच्या वेळी तिला ओढ्यावर येऊ दिलं नव्हतं. जागा तिनं पाहिलीच नाही, आणि आता बघायची म्हटली तर उरली नाही. इथं एका आईची जागा शाबूत होती, आणि त्या जागेवर तिनं वर्षभर धुणं वाळत घातलं होतं.

माधवराव आले तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून उठले. मग परसात गेले आणि चुन्याची रेघ पायानं पुसू लागले. पुसता पुसता एकदम थबकले, चपला काढल्या, आणि उरलेली रेघ हातानं पुसली.

"आपण नाही खणणार," ते आत येऊन म्हणाले. "पण उद्या माझी बदली झाली तर? आबासाहेबांनी घर विकलं तर? आणि सांगावं तरी कुणाला? गावात बोभाटा झाला की दहा माणसं दहा गोष्टी करतील."

उपाय भागूबाईनंच काढला. चार दिवसांनी ती आपल्या गावच्या ओढ्यातून गोटे घेऊन आली, ओटीत घालून. सात गोटे. बुंध्यापाशी ओळीनं मांडले, त्यांना शेंदूर लावला. पाण्याकाठी साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, असतातच. आसरांच्या जागेला कुदळ लावायची कुणाची छाती आहे? 

सुनेत्रानं तिचा शेंदराचा हात धरला. "भागूबाई, ती मुसलमानाची पोर. तिच्या आईला काय वाटेल?"

"आईला वाटंल, लेकरू झाकलं," भागूबाई म्हणाली.

माधवराव शाळेत पोरांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून शिकवायचे. त्या दिवशी ते बैठकीतून बाहेर आले नाहीत. काचपेटीपुढं बसून राहिले. 

मुंजाजीनं करायचं तेच केलं. मास्तरच्या घरी आसरा निघाल्या, मी खणायला गेलो आन् कुदळ उचलंना, असं त्यानं गावभर केलं. पहिल्यांदा नर्मदाबाई हळदकुंकू घेऊन आल्या. मग आळीतल्या, मग बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या. कुणाला मूल होईना, कुणाचं जगेना, कुणाचं आजारी. दहीभाताचा नैवेद्य ठेवायच्या, हिरव्या बांगड्या ठेवायच्या. निळे मासे आसरांचे म्हणून त्यांनाही हात जोडायच्या. "लय जागृत ठिकाण," असं त्या एकमेकींना सांगत. सुनेत्रा दार उघडून बाजूला उभी राही. बायकांनी कपाळ टेकवलं की तिला मातीखालचा तो शालू दिसे, आणि आपण यांना फसवतो आहोत की त्या पोरीला, हे तिला उमजत नसे. अमावास्येला गर्दी वाढे. त्या दिवशी तिला घरात घास उतरत नसे. एकदा रांगेतल्या एका बाईनं सुनेत्राच्याच पायांना हात लावला, आसरांची पुजारीण म्हणून. सुनेत्रा किंचाळून मागं सरली. 

पंचावन्नच्या थंडीत भागूबाई गेली. छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत आटोपलं. त्या आठवड्यात गार वारं सुटलं होतं, हौदातले बरेच मासे कलंडले. काचपेटीतल्या जोडीखाली सुनेत्रानं चिमणी विझू दिली नाही. भागूबाईच्या दिवसांना त्यांच्या वस्तीवर जाऊन आल्यावर ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. दुपारची वेळ. माधवराव शाळेत, दारं लावलेली.

टक् टक् टक्.

वाटी दगडावर आपटल्याचा आवाज. पहिल्यांदा तिला वाटलं, भागूबाई आली. मग सूप तिच्या हातातून निसटलं. ती उठली, मागचं दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. थंडीतून वाचलेले मासे पायरीपाशी तोंडं वर करून जमले होते, आणि पाण्यावर एक वर्तुळ पसरत पसरत काठाला लागत होतं. मग एका माशानं वर येऊन काहीतरी मटकावलं. 

सुनेत्रा पळाली नाही. ती हळूच जाऊन पायरीच्या कडेला बसली, जरा जागा सोडून. तिला थंडी वाजत होती. "भागू आता येणार नाही ग," ती म्हणाली. "मी येत जाईन." आपला आवाज भिंतीपलीकडे जात असेल, हे तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

माधवरावांना तिनं हे कधीच सांगितलं नाही. 

पुढच्या साली हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, शाळेवरची पाटी बदलली. त्यानंतरच्या वैशाखात एका दुपारी दारात टांगा थांबला. काळ्या बुरख्यातली एक बाई उतरली. तोंडावरचं कापड वर करून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. केस पिकलेले, चेहरा अजून तरुण.

"भागूबाई है?" तिनं विचारलं.

सुनेत्रानं ओळखलं.  "भागूबाई गेल्या, दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आत या, बेगमसाहेब."

पाणी दिलं, ते बाईंनी हातात धरून ठेवलं. आपलं नाव रईसाबेगम, डॉक्टर हैदराबादला गेल्या हिवाळ्यात वारले, असं त्या म्हणाल्या. जिवंत होते तोवर त्यांनी परभणीचं नाव घेऊ दिलं नाही. मग त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं, आणि सुनेत्राला आता काही लांबवता येईना.

परसात पाऊल टाकताच रईसाबेगम थांबल्या. झाडाखाली शेंदरानं माखलेले दगड, वाळलेली फुलं, बांगड्यांचे ढीग, बुंध्याला गुंडाळलेले हिरवे खण. त्यांनी तोंडावर हात दाबला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाबतात तसा. 

सुनेत्रा भडाभडा बोलू लागली. खणायचं निघालं होतं ते, भागूबाई चौकोनात बसली ते, गोटे, मुंजाजी, बायका. "आमच्या हातून हे झालं. दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता काढते सगळं, माझ्या हातानं."

 बेगम दगडांपासून थोड्या दूर, जमिनीवर बसल्या, ओंजळ उघडली आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिल्या. हौदातले मासे सावली बघून पायरीपाशी आले. तेवढ्यात पुढच्या दारानं एक बाई घाईघाईनं आत आली. राणीसावरगावकडची होती, कासाबाई तिचं नाव, मागच्या अमावास्येलाही येऊन गेलेली. खांद्यावर पोर, मान टाकलेली. कुणाकडे न बघता तिनं पोरीला दगडांपुढे मातीत निजवलं आणि कपाळ आपटू लागली. "पदरात घे माय! एवढं एक हाय!"

मग तिचं लक्ष गेलं. बुरखा बघून ती क्षणभर गोंधळली, पण तिच्याजवळ गोंधळायला वेळ नव्हता. "मावशी, तुमीबी हात जोडा," ती म्हणाली. "लय जागृत हायेत. लेकरांच्या आसरा हायेत ह्या."

रईसाबेगमनं पोरीकडे पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट उघडे. त्यांनी पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा ठेवला. 

"कब से है बुखार?"

"लय दिस झाले. अंगारा लावायलाय, उतरंना."

"दवाखाना खुला है?" हा प्रश्न त्यांनी सुनेत्राला विचारला, आणि तो विचारताना त्यांचा आवाज असा फाटला की सुनेत्रानं घाईघाईनं होकारार्थी मान हलवली. 

"खुला है," बेगम स्वतःशीच म्हणाल्या. "खुला है, और तू यहाँ बैठी है?" त्यांनी पोरीला उचललं. बुरख्याचं काळं कापड तिच्याभोवती लपेटलं. "चल. उठ. टांगा बाहर है."

"पण आसरांचा कौल..." कासाबाई घुटमळली.

"मी सांगते, कौल दिला," सुनेत्रा म्हणाली. "ऊठ तू. पळ."

टांग्यात बसल्यावर रईसाबेगम मागं वळल्या. पोरीचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. "पत्थर रहने दो," त्या सुनेत्राला म्हणाल्या. "हटाए तो वो खुली पड़ जाएगी." आणि टांगा धुळीतून दवाखान्याकडे गेला. 

त्या परत आल्या नाहीत. सुनेत्रानं रात्रीपर्यंत त्यांच्यासाठी पान वाढून झाकून ठेवलं होतं. आठवड्यानं कासाबाईची सासू केवळाबाई खण-नारळ घेऊन आली. पोरगी वाचली होती. सुया दिल्या, बाटली लावली, ताप उतरला. "एक मुसलमानीण बसली होती म्हणं उशाला, ताप उतरस्तोवर. कुणाची कोण. पोरगी डोळे उघडून पाणी मागायली, तशी उठून गेली म्हणं ठेसनावर. आमची सून म्हणती, आसराच आली होती त्या रूपानं." 

सुनेत्रानं ते ऐकून घेतलं. खण घेतला, नारळ घेतला, केवळाबाईला पाणी दिलं. 

माधवरावांची बदली आणखी काही वर्षं झाली नाही. हौदात मासे पुन्हा वाढले. काही हायस्कुलात गेले, काही नांदेडच्या एका वकिलांनी नेले. दुपारी सुनेत्रा पायरीच्या कडेला, जागा सोडून बसत राहिली. काही दिवशी पाण्यावर वर्तुळं उठत, काही दिवशी नाही. बायका येतच राहिल्या. पण आजारी लेकरू घेऊन कुणी आली तर सुनेत्रा दारातच आडवी उभी राही. आधी दवाखान्यातल्या बाटलीचं बूच आणून दाखव, मग आत ये. कुणी रडल्या, कुणी शिव्या दिल्या, तिनं उंबरा ओलांडू दिला नाही. हळूहळू दगडांपुढे नारळ आणि बांगड्यांच्या जोडीला औषधाच्या बाटल्यांची बुचं दिसू लागली. या ठिकाणाची रीतच तशी आहे, असं बायका नव्या येणारीला सांगत.